निवृत्तीनंतर कुठं राहायचं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

निवृत्तीनंतरच्या मुक्कामाबद्दल आलेल्या पत्रांपैकी आठ प्रश्न इथं घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. व्हिसा आणि कराच्या नियमांत वरचेवर बदल होतात, म्हणून प्रत्यक्ष अर्ज करण्याआधी त्या दिवशीचा नियम पाहून घ्यावा.

प्रश्न: मी 63 वर्षांचा, पत्नी 60 वर्षांची. मुलगा अमेरिकेचा नागरिक झाला आहे. आमच्यासाठी ग्रीन कार्डाचा अर्ज करतो म्हणतो. इथला फ्लॅट विकून कायमचं तिकडं जावं का?

उत्तर: ग्रीन कार्ड मिळणं हा यातला सोपा भाग आहे. 21 वर्षांवरील अमेरिकी नागरिकाच्या आईवडिलांना वार्षिक संख्येची मर्यादा नाही, त्यामुळं भावंडांसारखी वर्षानुवर्षं रांग लागत नाही. मुलाला तुमच्या चरितार्थाची लेखी हमी द्यावी लागते. त्यासाठी त्याचं उत्पन्न, तुम्हा दोघांना धरून होणाऱ्या कुटुंबाच्या दारिद्र्यरेषेच्या किमान 125 टक्के हवं.

अवघड भाग आहे औषधोपचारांचा. मेडिकेअर ही तिथली ज्येष्ठांची सरकारी आरोग्ययोजना. तिथं नोकरी करून 40 क्रेडिट, म्हणजे साधारण दहा वर्षांची वर्गणी, भरलेली नसेल, तर 65 वर्षं पूर्ण असूनही ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षं राहिल्यावरच तिच्यात पैसे भरून शिरता येतं. तुम्ही 64व्या वर्षी गेलात तर 69पर्यंत खासगी विमा घ्यावा लागेल. त्याचा हप्ता कोण भरणार आणि वर्षाला स्वतःच्या खिशातून किती रकमेपर्यंत खर्च करावा लागेल, हे मुलासोबत बसून कागदावर लिहा. आईवडिलांच्या आजारपणाचं बिल हा विषय विमानात बसण्याआधी बोलायचा असतो.

दुसरी गोष्ट कराची. ग्रीन कार्ड घेऊन तिथं उतरल्या दिवसापासून तुमच्या जगभरच्या उत्पन्नावर अमेरिकेत विवरणपत्र भरावं लागतं. इथलं पेन्शन, ठेवींचं व्याज, घरभाडं, सगळं त्यात आलं. अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांतली एकूण शिल्लक वर्षात एक दिवस जरी 10,000 डॉलरच्या वर गेली, तरी त्या खात्यांची वेगळी माहिती द्यावी लागते. भारतीय म्युच्युअल फंडांवर तिथं विशेष जाचक नियम लागतात, आणि त्यांचं विवरण भरून देण्याची फी कधीकधी फंडाच्या नफ्यापेक्षा जास्त होते. म्हणून म्युच्युअल फंड आणि विकायचा असलेला प्लॉट यांचा निर्णय ग्रीन कार्डावर प्रवेश करण्याआधी घ्या. नंतर विकलात तर नफ्याचा हिशेब दोन्ही देशांत द्यावा लागतो. एका देशात भरलेल्या कराची वजावट दुसरीकडं मिळते, पण कागदपत्रांचा व्याप चुकत नाही.

राहता फ्लॅट मात्र लगेच विकू नका. आमचं मत ठाम आहे: निदान दोन वर्षं तो ठेवा. आधी पर्यटक व्हिसावर जाऊन तिथला एक पूर्ण हिवाळा काढा. उन्हाळ्यात अंगणात बसून आवडलेलं गाव जानेवारीत निराळं असतं. बस नाही, चालत जाण्याजोगं काही नाही, मुलगा आणि सून सकाळी आठला बाहेर पडलेले आणि गाडी चालवता येत नाही, अशा परिस्थितीत आठवड्याचे पाच दिवस कसे जातात ते पाहा. पत्नीनं तिथं एकटीनं दिवस काढून पाहावा, तुम्हीही काढून पाहा. दोघांपैकी एकजण कधीतरी मागं राहणार आहे, आणि ते घर त्या एकट्या माणसाला झेपायला हवं.

अर्धं वर्ष इथं, अर्धं तिथं असा विचार असेल तर ग्रीन कार्ड सोयीचं नाही. सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिल्यास परतताना चौकशी होऊ शकते. वर्षाच्या वर गेल्यास तुम्ही वास्तव्य सोडलं असं धरलं जाऊ शकतं. लांबचा मुक्काम आधीच ठरला असेल तर पुनर्प्रवेश परवाना घ्यावा. तो जास्तीत जास्त दोन वर्षांचा असतो आणि त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो.

प्रश्न: एक मुलगी कॅनडात, एक अमेरिकेत. आम्हाला स्थायिक व्हायचं नाही, फक्त दरवर्षी जाऊन राहायचं आहे. काय सोयीचं?

उत्तर: कॅनडाचा सुपर व्हिसा तुमच्यासाठीच आहे. तो दहा वर्षांपर्यंतचा मिळतो आणि एका प्रवेशावर पाच वर्षांपर्यंत राहता येतं. त्यासाठी वैद्यकीय तपासणी, मुलीच्या उत्पन्नाचा पुरावा आणि किमान एक लाख कॅनडियन डॉलर संरक्षणाचा, निदान वर्षभराचा आरोग्यविमा लागतो. प्रांताची सरकारी आरोग्यसेवा या व्हिसावर मिळत नाही.

अमेरिकेच्या पर्यटक व्हिसावर दहा वर्षं छापलेली असली, तरी एका खेपेला साधारण सहा महिने मिळतात. खरी तारीख प्रवेशाच्या वेळी नोंदली जाते. ती तिथल्या सरकारी संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि तिकीट तिच्याआधीचं काढा. आमच्याकडच्या पत्रांवरून दिसतं की व्हिसाची मुदत आणि मुक्कामाची मुदत यांत पुष्कळांची गल्लत होते.

प्रवासी विमा घेताना एकच कलम नीट वाचा: आधीपासून असलेले आजार. बहुतेक पॉलिसी मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांचे नेहमीचे उपचार देत नाहीत. त्या आजारातून अचानक उद्भवलेला झटका तेवढा ठराविक रकमेपर्यंत देतात, आणि ती रक्कम सत्तरीनंतर झपाट्यानं कमी होते. पॉलिसीच्या पहिल्या पानावरच्या मोठ्या आकड्यावर जाऊ नका. निघताना नेहमीच्या गोळ्या मुक्कामापुरत्या, मूळ वेष्टनात, औषधाचं रासायनिक नाव लिहिलेल्या चिठ्ठीसह घ्या.

आणि इथली आरोग्यविम्याची पॉलिसी बंद पडू देऊ नका. नव्यानं घेतली तर जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ पुन्हा पहिल्यापासून मोजला जातो.

पेन्शनधारकांनी नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला विसरू नये. जीवन प्रमाण या सोयीनं मोबाइलवर चेहरा दाखवून तो देता येतो. निघण्याआधी इथंच एकदा करून पाहा, म्हणजे आधारच्या नोंदीत काही अडचण असेल तर ती हातातल्या हातात निस्तरता येईल.

प्रश्न: इंग्लंड किंवा ऑस्ट्रेलियात मुलांकडं कायमचं राहता येतं का?

उत्तर: इंग्लंडमध्ये जवळजवळ नाही. 2012पासूनच्या नियमानुसार आईवडिलांना रोजच्या कामांसाठी दीर्घकाळ दुसऱ्याची मदत लागते आणि ती मदत मायदेशी मिळूच शकत नाही, हे सिद्ध करावं लागतं. पैसे देऊन माणूस ठेवता येतो, एवढ्यावरही अर्ज फेटाळला जातो. ऑस्ट्रेलियात निदान निम्मी मुलं तिथं स्थायिक असावी लागतात. कमी शुल्काच्या पालक व्हिसाची रांग दशकांमध्ये मोजतात, आणि मोठं शुल्क भरून मिळणाऱ्या व्हिसालाही अनेक वर्षं लागतात. तिथं पालकांसाठी तीन किंवा पाच वर्षांचा तात्पुरता व्हिसाही आहे. बेत त्याच्या भोवती आखणं शहाणपणाचं.

प्रश्न: आम्ही 28 वर्षं अमेरिकेत नोकरी केली. दोघंही आता तिथले नागरिक आहोत. महाराष्ट्रात परतायचं आहे. काय बांधून ठेवावं?

उत्तर: चार धागे आहेत: ओसीआय, सोशल सिक्युरिटी, मेडिकेअर आणि कर.

ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं कार्ड. त्यावर इथं आजन्म राहता येतं, घर घेता येतं. शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारशानं आलेली शेतजमीन मात्र ठेवता येते.

सोशल सिक्युरिटीचं, म्हणजे नोकरीतल्या वर्गणीवर मिळणारं अमेरिकेचं सरकारी पेन्शन भारतात राहूनही मिळतं. अमेरिकी नागरिकांच्या रकमेतून तिथं कर कापून घेतला जात नाही, विवरणपत्रात हिशेब होतो. हा प्रश्न वाचणाऱ्यांपैकी जे केवळ ग्रीन कार्डवाले होते आणि ते सोडून परतणार आहेत, त्यांच्या रकमेतून मात्र 25.5 टक्के कापले जातात. हा आकडा घरखर्चाच्या हिशेबात आधीच धरा. त्यांच्यासाठी आणखी एक बारीक नियम आहे: जोडीदाराला मिळणारी रक्कम देशाबाहेर चालू राहण्यासाठी तो जोडीदार त्या नात्यानं निदान पाच वर्षं अमेरिकेत राहिलेला असावा लागतो. कमावता जोडीदार गेल्यावर हे कळणं फार महागात पडतं.

मेडिकेअर भारतात चालत नाही. तरीही डॉक्टरांच्या भेटी आणि बाह्यरुग्ण सेवेचा, म्हणजे पार्ट बीचा, हप्ता बंद करण्याआधी विचार करा. पुढं परत जायची वेळ आली तर खंड पडलेल्या प्रत्येक पूर्ण बारा महिन्यांमागं हप्ता 10 टक्क्यांनी वाढतो आणि ही वाढ आजन्म राहते. सात वर्षांनी परतलात तर 70 टक्के. मुलं तिकडंच असतील आणि ऐंशीनंतर त्यांच्याकडं जाण्याची शक्यता असेल, तर काहीजण न वापरताही हप्ता भरत राहतात, आणि त्यांचं गणित चुकीचं नाही.

भारतात परतल्यावर पहिली दोन, क्वचित तीन आर्थिक वर्षं तुम्ही 'निवासी पण सामान्य निवासी नाही' या वर्गात बसता. मागच्या दहांपैकी नऊ वर्षं अनिवासी असणं किंवा मागच्या सात वर्षांत मिळून 729 दिवस वा त्याहून कमी इथं राहिलेलं असणं, ही त्याची कसोटी. या काळात परदेशात मिळणाऱ्या उत्पन्नावर इथं कर लागत नाही. तिथले शेअर विकायचे असतील तर हाच काळ योग्य. तुम्ही नागरिक असल्यामुळं अमेरिकेतलं विवरणपत्र मात्र आयुष्यभर भरावं लागेल. तिथल्या निवृत्ती खात्यातली वाढ दरवर्षी इथं करपात्र धरू नये, रक्कम काढताना धरावी, अशी सवलत भारतीय कायद्यात आहे, पण ती आपोआप मिळत नाही. पहिल्याच लागू वर्षी, विवरणपत्राच्या मुदतीत, तसा पर्याय कळवावा लागतो.

राहायला कुठं जावं, याचं उत्तर आधी भाड्यानं राहून शोधा. 28 वर्षांपूर्वी सोडलेला परिसर आता तसा नसतो. तिथली माणसंही पांगलेली असतात.

प्रश्न: शहरातला फ्लॅट विकून गावाकडं थोडी जमीन घेऊन घर बांधावं अशी फार इच्छा आहे. काय पाहावं?

उत्तर: पहिला प्रश्न जमिनीच्या प्रकाराचा. महाराष्ट्रात शेतजमीन फक्त शेतकऱ्यालाच विकत घेता येते. तुमचं किंवा कुटुंबातल्या तुमच्या हिश्श्याचं नाव कुठल्याही सातबाऱ्यावर नसेल, तर 'घ्या आता, नाव नंतर लावू' असं सांगणाऱ्यापासून दूर राहा. तसा व्यवहार रद्द होऊन जमीन सरकारजमा होऊ शकते. बिनशेती झालेला प्लॉट घ्या. बिनशेतीचा आदेश, मंजूर रेखांकन आणि प्लॉटच्या नावाचा स्वतंत्र उतारा, ही तिन्ही कागदपत्रं पाहिल्याशिवाय इसार देऊ नका. अनेकांच्या नावांचा एकच सातबारा दाखवून विकलेल्या गुंठ्यांमध्ये निवृत्तीची पुंजी अडकल्याची पत्रं आमच्याकडं येत असतात. तुमच्या कष्टाच्या पैशाचं तसं होऊ नये.

प्लॉट दोनदा पाहा, मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणि जुलैमध्ये. मेमध्ये विहीर, बोअर आणि नळ यांना किती पाणी आहे ते कळतं. जुलैमध्ये रस्ता आणि वीज यांची परीक्षा होते.

सर्वांत महत्त्वाचं दवाखान्याचं अंतर, आणि ते किलोमीटरमध्ये न मोजता मिनिटांत मोजा. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं दिसल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर. म्हणून 'दवाखाना आहे का' असं विचारू नका. रात्री दोन वाजता सीटी स्कॅन चालू असतं का, तो वाचणारा डॉक्टर मिळतो का, हे विचारा. रुग्णवाहिका यायला लागणारा वेळ, नेण्याचा वेळ आणि स्कॅनचा वेळ यांची बेरीज दोन तासांच्या आत असेल तर ती जागा विचारात घ्या. डायलिसिस किंवा केमोथेरपीची गरज आधीच असेल तर अंतर एका तासाच्या आत हवं, कारण ती फेरी पुन्हा पुन्हा होते, डायलिसिसची तर आठवड्यात दोन-तीनदा.

विजेचंही गणित करा. घरी वापरायचं पाच लिटरचं ऑक्सिजन यंत्र साधारण 300 ते 350 वॅट घेतं. 150 अँपिअर-अवरच्या एका बॅटरीच्या इन्व्हर्टरवर ते नव्या बॅटरीतही जेमतेम साडेतीन तास चालतं. जिथं वीज सहा तास जाते, तिथं हे पुरत नाही.

घर बांधणारच असाल तर उद्याचं बांधा. तळमजला, दारांची मोकळी रुंदी 90 सेंटिमीटर, म्हणजे व्हीलचेअर हात न घासता जाते. न्हाणीघराचं दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं. आत पडलेल्या माणसाच्या अंगानं आत उघडणारं दार अडतं, आणि मदतीला आलेल्याला ते तोडावं लागतं. कमोडची बैठक जमिनीपासून 45 ते 48 सेंटिमीटर. धरून उठायची भिंतीतली पकड विटेत किंवा काँक्रीटमध्ये बसवलेली हवी. नुसत्या टाइलवर चिकटवलेली पकड पूर्ण वजन पडलं की निघून येते. दारातला उतार एकास बारा, म्हणजे 30 सेंटिमीटर जोत्याला 3.6 मीटर लांबीचा. जागा आत्ताच सोडली नाही तर नंतर मिळत नाही.

फ्लॅट विकण्याची घाई नको. तो लिव्ह अँड लायसन्सवर द्या आणि गावात वर्षभर भाड्यानं राहून बघा. करार अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात त्याची नोंदणी सक्तीची आहे आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर वादात राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. सोसायटीला भोगवटेतर शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं शुल्क, सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही.

प्रश्न: ज्येष्ठांसाठीच्या निवासी प्रकल्पात घर घ्यावं का? जाहिराती फार छान असतात.

उत्तर: चांगले प्रकल्प आहेत, आणि एकट्या माणसासाठी ते वरदान ठरू शकतात. तुम्ही काय विकत घेताय ते मात्र स्पष्ट करून घ्या. काही ठिकाणी फ्लॅटची मालकी मिळते, काही ठिकाणी परत मिळणारी ठेव भरून फक्त राहण्याचा हक्क. ठेवीच्या पद्धतीत वर्षाला किती टक्के कापले जातात आणि उरलेली रक्कम किती दिवसांत, वारसाला की सहराहिवाशाला परत मिळते, हे करारात आकड्यांत हवं. मालकीच्या पद्धतीत खरेदीदाराला वयाची अट असते. तुमच्या पंचेचाळीस वर्षांच्या मुलाला ते घर वारशानं मिळेल, पण राहता येणार नाही, आणि विकायला गिऱ्हाईक मर्यादित.

महारेरानं, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणानं, 2024मध्ये ज्येष्ठांच्या प्रकल्पांसाठी बांधणीचे आणि विक्रीकराराचे निकष ठरवून दिले आहेत. रुंद दारं, व्हीलचेअर जाईल अशी लिफ्ट, न्हाणीघरातल्या पकडी या गोष्टी त्यात येतात. करारात त्या निकषांचा उल्लेख आहे का पाहा. नुसतं 'ज्येष्ठांसाठी' हे नाव पुरेसं नाही.

मग तीन अवघड प्रश्न विचारा. रोज उठून अंघोळ करवायला माणूस लागला तर इथंच राहता येईल का, आणि त्याचे महिन्याला किती? स्मृतिभ्रंश झाला तर? मासिक शुल्क गेल्या पाच वर्षांत कसं वाढलं, त्याचा लेखी तक्ता देता का? तिसऱ्या प्रश्नाला तक्ता मिळाला नाही, तर स्वतःच हिशेब करा: वर्षाला 8 टक्क्यांनी वाढणारं शुल्क नऊ वर्षांत दुप्पट होतं, आणि पेन्शन त्या वेगानं वाढतंच असं नाही. प्रकल्पात आठवडाभर पाहुणे म्हणून राहण्याची सोय असेल तर ती घ्या. रात्री बेल वाजवून किती मिनिटांत कोण येतं ते बघा.

प्रश्न: पती गेले. मुलगा म्हणतो, फ्लॅट माझ्या नावावर कर आणि आमच्याकडं राहायला ये. फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर आहे. स्टॅम्प ड्युटी फक्त 200 रुपये आहे म्हणतो.

उत्तर: 200 रुपयांची गोष्ट खरी आहे. राहतं घर मुलाला बक्षीसपत्रानं देताना महाराष्ट्रात मुद्रांक तेवढाच लागतो, त्यावर नोंदणी आणि स्थानिक अधिभार वेगळे. पण ताई, स्वस्त आहे म्हणून करण्याचं हे काम नाही. बक्षीसपत्र नोंदवलं की घर त्या दिवसापासून मुलाचं. मृत्युपत्र केलंत तर घर तुमच्या हयातीत तुमचंच राहतं, मुलाला नंतर मिळतंच, आणि मन बदललं तर मृत्युपत्र बदलता येतं. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. नोंदणी ऐच्छिक आहे, पण करून घ्या. दोन साक्षीदार असे निवडा, ज्यांना त्यात काही मिळत नाही आणि जे तुमच्याहून वयानं लहान आहेत.

मुलाकडं राहायला जरूर जा. फ्लॅट वर्षभर भाड्यानं द्या आणि भाडं स्वतःच्या खात्यात घ्या. मुलाला हे सांगताना अपराधी वाटून घेऊ नका.

बक्षीसपत्र करणारच असाल, तर त्यातच लिहा की मुलगा तुमचा सांभाळ करेल, तुमच्या राहण्याची आणि औषधोपचारांची सोय करेल, या अटीवर घर दिलं आहे. 2007च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यातल्या कलम 23 नुसार ती अट मोडली तर प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणाकडं जाऊन व्यवहार रद्द करून घेता येतो. अट कागदावर नसेल तर ती होती हे सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर येतो.

प्रश्न: थायलंड किंवा पोर्तुगालसारख्या ठिकाणी आमचे पैसे पुरतील आणि हवाही चांगली, असं ऐकतो. भारतीयांना तिथं निवृत्त होता येतं का?

उत्तर: येतं. थायलंडमध्ये वय किमान 50 हवं आणि तिथल्या बँकेत 8 लाख बात (थाई चलन) ठेव किंवा महिना 65,000 बात उत्पन्न दाखवावं लागतं. व्हिसा दरवर्षी वाढवून घ्यायचा आणि दर 90 दिवसांनी पत्ता कळवायचा. काम करता येत नाही. पोर्तुगालमध्ये पेन्शन, भाडं, व्याज अशा नियमित उत्पन्नावर निवासाचा परवाना मिळतो, त्यासाठी तिथल्या किमान वेतनाएवढं उत्पन्न आणि राहण्याच्या जागेचा पुरावा लागतो.

भारतातून पैसे न्यायला निवासी व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. वर्षात 10 लाख रुपयांपुढच्या रकमेवर बँक सामान्यतः 20 टक्के कर आगाऊ गोळा करते. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसे अडकून राहतात. तुम्ही कायमचे परदेशी गेलात की इथली बचत खाती एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीची रुपयांतली खाती, करून घ्यावी लागतात. पुढं इथलं घर विकताना घेणाऱ्याला पूर्ण किमतीवर कर कापावा लागतो, नुसत्या नफ्यावर नाही. दीर्घ मुदतीच्या नफ्यासाठी हा दर 12.5 टक्के आणि वर अधिभार असा आहे. कमी कपातीचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून आधी घेतलं तर रक्कम अडकत नाही. त्याला काही आठवडे लागतात, तेव्हा गिऱ्हाईक ठरल्याबरोबर अर्ज करा. तिकडून कुणाला कुलमुखत्यारपत्र पाठवायचं असेल तर ते तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित करून, किंवा पोर्तुगालसारख्या अपॉस्टिल (परदेशात चालणारं सरकारी प्रमाणन) देणाऱ्या देशात नोटरी आणि अपॉस्टिल करून पाठवा, आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरून घ्या.

पैशाचं गणित जमलं तरी भाषेचा विचार करा. आजारपणात, विशेषतः भूल उतरताना किंवा स्मृती कमी होताना, माणूस सर्वांत आधी शिकलेल्या भाषेवर येतो. तिथल्या परिचारिकेला 'दुखतंय' हा शब्द कळणार नाही. साठीपासून पंचाहत्तरीपर्यंतची वर्षं तिकडं काढून पुढं परतायचं असं ठरवत असाल, तर परतीचं घर आणि इथला आरोग्यविमा आजपासूनच चालू ठेवा.